अनोळखी झाडाचं नाव शोधायचं कसं? रानातल्या नोंदवहीपासून हर्बेरियमच्या कपाटापर्यंत

पहिला पाऊस पडून पंधरवडा झाला की सड्यांवर, घाटवाटांच्या कडेला, अगदी रेल्वेच्या रुळांलगतही शेकडो रोपं डोकं वर काढतात. मग फोनवर फोटो येऊ लागतात: "हे कोणतं हो?" फोटोत बहुधा एकच फूल असतं, वरून काढलेलं. तेवढ्यावरून नाव सांगणं मुरलेल्या अभ्यासकालाही जमतंच असं नाही. नाव ठरवणारी खूण पुष्कळदा पानाच्या पाठीवर, देठाच्या बुडाशी किंवा अंडाशयाच्या आत असते.

मी हे काम वनस्पतीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आणि नंतर सर्वेक्षणांमध्ये शिकले. तेव्हा सगळा क्रम एका जागी लिहिलेला मिळाला असता तर बराच गोंधळ टळला असता, म्हणून हा लेख. उदाहरणं सगळी वनस्पतींची आहेत. प्राणी, कीटक, बुरशी यांची तपशिलातली तंत्रं वेगळी असली तरी वाट साधारण अशीच जाते.

दोन कामं आधीच वेगळी करून ठेवू. हातातला नमुना आधी माहीत असलेल्या कोणत्या जातीशी जुळतो हे शोधणं म्हणजे ओळखणं. त्या जातीचं नातं बाकीच्या जातींशी कसं आहे ते ठरवून तिला जागा देणं म्हणजे वर्गीकरण. पहिलं काम तुम्ही उद्यापासून करू शकता. दुसरं काम संशोधक करतात, पण त्याचे नियम ठाऊक नसतील तर पहिल्यातही अडखळायला होतं. शाळेतला क्रम आठवा: सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वर्तमानपत्रं 'प्रजाती' हा शब्द सरसकट जातीसाठी वापरतात. या लेखात पाठ्यपुस्तकातलीच रीत ठेवली आहे: पिंपळ ही एक जाती, आणि वड, पिंपळ, उंबर हे सगळे ज्यात येतात ती फायकस ही प्रजाती.

आधी जमवायच्या वस्तू

- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, दोरीने गळ्यात अडकवलेलं. एवढी एक वस्तू घेतलीत तरी सुरुवात होईल.
- जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणि साधी पेन्सिल. बॉलपेनची शाई पावसात आणि स्पिरिटमध्ये पसरते.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी.
- ब्लेड, दोन सुया, छोटा चिमटा.
- नमुना घेणार असाल तर छाटणीची कात्री, जुनी वर्तमानपत्रं, पट्ट्यांनी आवळता येणारा लाकडी प्रेस, दोरा बांधलेल्या कागदी चिठ्ठ्या.
- नाजूक फुलांसाठी घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्या आणि सत्तर टक्के अल्कोहोल.

आणि कागदपत्रं

फक्त बघायला आणि फोटो काढायला जात असाल तर प्रवेशाचे नेहमीचे नियम पाळले की झालं. तोडायचं असेल तर गोष्ट बदलते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नमुना घ्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. राखीव वनांसाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षक कार्यालयात अर्ज करावा लागतो. अर्जासोबत महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र, ओळखपत्र, कामाचा उद्देश, ठिकाणांची यादी, नमुन्यांची अंदाजे संख्या आणि ते शेवटी कुठल्या संग्रहात ठेवणार, हे सगळं लिहा. परवानगी यायला वेळ लागतो. पावसाळ्यातल्या कामाचा अर्ज हिवाळ्यातच द्या.

खासगी जमिनीवर मालकाला विचारा. देवराईत गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय एक पानसुद्धा तोडू नका, कायदा काहीही म्हणत असो. नमुना देशाबाहेर पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, 2002 आधी नीट वाचा. त्याची परवानगी वेगळी आहे आणि ती चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

1. झाड जागेवरच पूर्ण वाचा

नाव आठवायची घाई करू नका. एकदा मनात नाव आलं की डोळे त्या नावाला सोयीच्या खुणाच शोधू लागतात आणि न जुळणाऱ्या खुणा सुटून जातात. म्हणून आधी लिहा, मग विचार करा.

पहिल्या दोन-तीन ओळी जागेच्या: तारीख, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची. मग परिसर: उघडा कातळ की गवताळ उतार, ओढ्याचा काठ की दाट सावली, तांबडी माती की काळी. वाळलेल्या नमुन्यावरून यातलं काहीच नंतर कळत नाही.

मग झाड. वृक्ष, झुडूप, वेल की रोपटं? उंची किती? सालीचा रंग आणि पोत कसा? पान तोडल्यावर चीक येतो का, येत असेल तर दुधासारखा, पिवळा की पाण्यासारखा? चुरगाळल्यावर वास? फुलाचा ताजा रंग जरूर लिहा. वाळल्यावर निळं आणि जांभळं ओळखता येत नाही. स्थानिक माणसाने नाव सांगितलं असेल तर ते त्याच उच्चाराने टिपा आणि कोणत्या गावात ऐकलं तेही. एकाच नावाची दोन झाडं आणि एकाच झाडाची पाच नावं आपल्याकडे सर्रास आढळतात. म्हणून बोलीतलं नाव हा धागा समजा, त्यावर निकाल देऊ नका.

काही वनस्पतींसाठी एका भेटीत भागत नाही. शेवळ्याचा फुलोरा पावसाच्या तोंडावर आधी येतो, पान मागाहून. पळस आणि काटेसावर फुलतात तेव्हा फांद्या बहुतेक उघड्या असतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. जागेची पक्की नोंद असेल तर परत जाता येतं.

2. फोटो: सुंदर एक नको, कामाचे सात हवेत

पूर्ण झाड परिसरासह. फांदीवर पानं कशी लागली आहेत ते. पानाची वरची बाजू, खालची बाजू. देठ जिथे खोडाला जुळतो ती जागा जवळून. फूल समोरून, आणि बाजूने. फळ असेल तर तेही, शक्य असेल तर उभं चिरून. प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी ठेवा. फुलाचा बाजूचा फोटो बहुतेक लोक काढत नाहीत, आणि निदलपुंज (पाकळ्यांच्या बाहेरचा, बहुधा हिरवा घेर), फुलामागची शेपटीसारखी नळी, अंडाशयाची जागा हे सगळं त्यातच दिसतं. तेरड्याच्या भाऊबंदांमध्ये तर ही मागची नळी पाहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

3. पान नेमकं कुठे सुरू होतं ते ठरवा

ही पायरी बारीक वाटेल, पण नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. साधं पान (एकच पातं) आणि संयुक्त पान (एका दांडीवर अनेक छोट्या पर्णिका) यांत गल्लत झाली की पुढचा सगळा शोध भलत्याच कुलात जातो.

नियम असा: पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि फांदी यांच्या बेचक्यात, कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. कडुनिंबाची एक लांब दांडी घ्या. छोट्या 'पानां'च्या बुडाशी काहीच सापडणार नाही. कळी सापडेल ती दांडी फांदीला जुळते तिथे. म्हणजे ती अख्खी दांडी हे एक संयुक्त पान. आता आवळ्याची डहाळी घ्या. दिसायला अगदी तशीच, पण फुलं आणि आवळे त्या छोट्या पानांच्या बगलेतच लागलेले असतात. म्हणजे आवळ्याचं प्रत्येक छोटं पान हे पूर्ण, साधं पान आहे आणि ती दांडी म्हणजे बारीक फांदी.

त्यानंतर मांडणी पाहा: पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक, की एका पेरावर तीन-चार मिळून? मग देठाच्या बुडाशी उपपर्णं, म्हणजे पानासारख्या छोट्या वाढी, आहेत का? ती पुष्कळदा लवकर गळतात, म्हणून शेंड्याजवळच्या कोवळ्या भागात शोधा. गळली असतील तर त्यांचा व्रण राहतो. वड-पिंपळाच्या डहाळीवर प्रत्येक पेराला अंगठीसारखी बारीक रेघ दिसते ना, ती कळीला झाकणाऱ्या उपपर्णाचीच खूण.

कोवळ्या रोपांवर आणि बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांवर विसंबू नका. फणसाच्या लहान रोपाची पानं खाचा पडलेली असू शकतात, मोठ्या झाडाची सरळ कडेची. शक्य असेल तिथे फुलाफळावर आलेल्या फांदीवरूनच ठरवा.

4. फूल उघडून बघा

एक फूल भिंगाखाली धरून बाहेरून आत जा: निदलं किती आणि सुटी की जुळलेली, पाकळ्या किती आणि सारख्या आहेत का, पुंकेसर किती आणि कशाला चिकटलेले. मग ब्लेडने फूल उभं चिरा. अंडाशय पाकळ्यांच्या वर बसला आहे की खाली? दुसऱ्या फुलाचा अंडाशय आडवा कापा आणि आतले कप्पे मोजा. मोजमाप एकाच फुलाचं घेऊ नका. पाच-सहा फुलं मोजून लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा लिहा. ग्रंथांतली वर्णनंही अशाच पट्ट्यात दिलेली असतात.

सोनकी, झेंडू, सूर्यफूल यांच्या बाबतीत आपण ज्याला 'फूल' म्हणतो तो अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो. कडेची 'पाकळी' म्हणजे एक पूर्ण फूल. हे लक्षात आलं नाही तर पाकळ्यांची मोजणीच चुकते.

5. आधी कुल पकडा

सगळ्या फुलझाडांतून थेट जातीकडे उडी मारता येत नाही. आधी कुल ओळखलं की शोध एकदम आटोक्यात येतो. आपल्या भागात पुन्हा पुन्हा भेटणारी काही कुलं आणि त्यांच्या मला भरवशाच्या वाटणाऱ्या खुणा अशा:

शेंगांचं कुल, फॅबेसी: बहुतेकांची पानं संयुक्त, देठाच्या बुडाशी फुगीर सांधा, फळ म्हणजे शेंग.

तुळशीचं कुल, लॅमिएसी: पानं समोरासमोर, पुष्कळदा चौकोनी खोड आणि वास, फूल दोन ओठांचं, आणि अनेकांत अंडाशयाचे वरून स्पष्ट दिसणारे चार भाग.

कारवी, अडुळसा, कोरांटीचं कुल, अ‍ॅकॅन्थेसी: तुळशीच्या कुलाशी याचीच सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण इथेही पानं समोरासमोर आणि फूल बऱ्याचदा दोन ओठांचं. फळ पाहा. इथे बोंड असतं, तडकून उघडतं, आणि आत बियांना आधार देणारे आकडे असतात. भिंगातून ते आकडे दिसले की शंका उरत नाही.

जास्वंदीचं कुल, माल्व्हेसी: जास्वंद, भेंडी, कापूस यांच्यात पुंकेसर जुळून झालेली नळी, आणि पानांवर बहुधा चांदणीच्या आकाराची लव.

कदंब आणि कॉफीचं कुल, रुबिएसी: पानं साधी, समोरासमोर, दोन देठांच्या मधोमध खोडावर उपपर्ण, अंडाशय खाली. या तीन गोष्टी एकत्र सापडल्या की मी निर्धास्त होते.

चीक दिसला की लगेच 'रुईचं कुल' म्हणू नका. चीक रुई-कण्हेरीच्या कुलात आहे, वड-फणसाच्या कुलात आहे, शेराच्या कुलात आहे आणि मोहाच्या कुलातही. एका खुणेवर कुल ठरवायचं नाही, तीन तरी खुणा जुळू द्या. एकदलांच्या पानात समांतर शिरा असतात हा शाळेतला नियमही असाच अपुरा आहे. घोटवेल एकदल आहे, तरी तिच्या पानात मुख्य शिरांच्या मध्ये शिरांचं जाळं दिसतं.

6. ओळखकिल्ली वापरा

किल्ली म्हणजे जोडीजोडीने मांडलेली विधानं. प्रत्येक जोडीतलं एक विधान तुमच्या नमुन्याला लागू पडतं, त्यापुढचा आकडा पुढच्या जोडीकडे नेतो, आणि शेवटी नाव येतं. सरावासाठी ही छोटी किल्ली घेऊन घराजवळच्या झाडांपाशी जा:

1क. फळं खोडावर आणि जुन्या फांद्यांवर घोसांनी: उंबर
1ख. फळं डहाळीवर, पानांच्या बगलेत: 2 पाहा

2क. पानाच्या टोकाला लांब, सडपातळ शेपटी. देठ लांब आणि बारीक: पिंपळ
2ख. लांब शेपटी नाही: 3 पाहा

3क. पान मोठं, जाड. पिकलेलं फळ लाल: वड
3ख. पान लहान, गुळगुळीत, चकचकीत: नांदरूक

(जिला आपण फळ म्हणतो ती खरं तर आत दुमडलेली फुलोऱ्याची पिशवी आहे. फुलं आत, म्हणून उंबराला फूल दिसत नाही म्हणतात.)

वापरताना तीन पथ्यं पाळा. एक, जोडीतली दोन्ही विधानं पूर्ण वाचा. पहिलं पटलं म्हणून पुढे पळू नका. दोन, उत्तर ठरत नसेल तर अंदाज करू नका. दोन्ही वाटांनी जा आणि कोणत्या वाटेचं वर्णन शेवटी जुळतं ते पाहा. तीन, कोणत्या जोडीला काय उत्तर दिलंत ते लिहून ठेवा, म्हणजे चुकलं तर मागे येता येईल.

महाराष्ट्रासाठी दोन ग्रंथ हाताशी हवेत. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश आजही वापरात आहे. जुना असल्याने तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. त्यातली वर्णनं इतकी काटेकोर आहेत की मी अजून पहिल्यांदा तोच उघडते. दुसरा, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 1996 ते 2001 मध्ये तीन भागांत काढलेला महाराष्ट्राचा वनस्पतिकोश. गावाचा किंवा जिल्ह्याचा स्वतंत्र कोश मिळत असेल तर तिथून सुरुवात करा, कारण तिथल्या किल्ल्या आखूड असतात.

7. किल्लीवर थांबू नका, वर्णन वाचा

वरच्या किल्लीत मी मुद्दाम चारच जाती ठेवल्या आहेत. आता बोखाडा, म्हणजे ज्याला काही ठिकाणी काळा उंबर म्हणतात, त्याच्यापाशी ती चालवून पाहा. त्याचीही फळं खोडावर घोसांनी लागतात, त्यामुळे किल्ली बिनदिक्कत 'उंबर' म्हणेल. कातळावर वाढणाऱ्या पायरी नावाच्या झाडाचं पान पिंपळासारखं दिसतं, शेपटी मात्र आखूड. तिथे तुम्ही दुसऱ्या जोडीवरच घुटमळाल. किल्लीला तिच्यात नसलेली जाती माहीत नसते आणि ती तसं सांगतही नाही. ती नेहमी कुठलं ना कुठलं नाव देते.

म्हणून नाव आलं की त्या जातीचं पूर्ण वर्णन उघडा आणि नोंदवहीतली ओळ न् ओळ ताडून पाहा. उंबराची पानं एकाआड एक आणि गुळगुळीत; बोखाड्याची समोरासमोर आणि हाताला खरखरीत. वर्णनाशी एवढी एक तुलना केली तरी चूक लगेच उघडी पडते. फुलण्याचा काळ, उंची, आढळण्याचा प्रदेश हेही जुळायला हवं. कोकणातल्या कातळावरच्या रोपाचं नाव हिमालयातलं निघालं तर बहुधा आधीच्या कुठल्या तरी जोडीत पाऊल चुकलं आहे.

सापांच्या बाबतीतही हेच. मण्यार आणि कवड्या दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात. अभ्यासक पट्ट्यांवर न थांबता पाठीच्या मधल्या ओळीतले खवले पाहतो: मण्यारीत ते इतरांपेक्षा मोठे आणि षट्कोनी असतात. अर्थात ही खूण जिवंत साप हातात धरून पाहायची नाही.

8. फोनवरच्या ॲपचं काय?

आयनॅचरलिस्टसारखी ॲप जरूर वापरा. कुल किंवा प्रजातीपर्यंतचा त्यांचा अंदाज पुष्कळदा उपयोगी पडतो, आणि तुमची नोंद जगभरच्या जाणकारांना दिसते. पण चित्रावरून काढलेला अंदाज हा पाचव्या पायरीसाठीचा धागा आहे, सातवी पायरी तो गाळू देत नाही. कुणीतरी सहमती दर्शवली म्हणून नाव पक्कं होत नाही. सहमत होणाऱ्याने कोणती खूण पाहिली ते विचारा. दुर्मीळ आमरी, कंदिलपुष्प किंवा औषधी कंद असेल तर नेमकं ठिकाण लपवूनच नोंद टाका. उघड केलेल्या जागेवरून रोपं उपटून नेली जातात.

आणि हे अगदी स्पष्ट सांगते: ॲपने दिलेल्या नावावर विसंबून कुठलीही रानभाजी किंवा कंद खाऊ नका. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे जीवघेणं विष असतं. रानभाजी शिकायची ती पिढ्यान्‌पिढ्या ती खुडणाऱ्या बायांबरोबर रानात जाऊन.

9. नमुना तयार करा

नाव पक्कं झालं नाही, किंवा त्या भागातली ती पहिली नोंद वाटली, तर नमुना हवा. फोटो पुन्हा मोजता येत नाही, कापता येत नाही. नमुना शंभर वर्षांनीही तपासता येतो. पण एक-दोनच रोपं दिसत असतील तर काहीही तोडू नका. तिथे फोटो आणि नोंदींवरच भागवा.

फुलाफळासह फांदी घ्या. छोटं रोपटं असेल तर मुळासकट. लगेच चिठ्ठी बांधा आणि तोच क्रमांक वहीत टाका. क्रमांकांची मालिका आयुष्यभर एकच ठेवा. दरवर्षी एकपासून सुरू केलीत तर पुढे दोन नमुने एकाच क्रमांकाचे होतात आणि तो घोळ कुणालाच सोडवता येत नाही. वर्तमानपत्रात पसरताना एक तरी पान उलटं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. उंच गवत व्ही किंवा एन अक्षरासारखं दुमडा. कागद सुरुवातीला रोज बदला; पावसाळ्यात दिवसातून दोनदा. आळस केला की बुरशी येते आणि पानं काळी पडून गळतात.

वाळलेला नमुना साधारण 28 बाय 42 सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात किंवा शिवतात, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात माहितीचं लेबल लावतात. गळलेली फुलं आणि बिया छोट्या कागदी पाकिटात घालून त्याच कागदावर लावा.

10. हर्बेरियममध्ये जा

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लाटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ: आपल्या भागातले मोठे संग्रह हे. आधी ईमेलने वेळ मागा आणि कोणत्या प्रजाती पाहायच्या आहेत त्यांची यादी पाठवा. संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा.

नवख्याला इथे एक अडचण हमखास येते. भारतातले अनेक संग्रह अजून बेंथॅम आणि हूकर या वनस्पतीशास्त्रज्ञांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीने लावलेले आहेत. आजची पुस्तकं सागाला तुळशीच्या कुलात ठेवतात, पण कपाटात तो व्हर्बिनेसीत, म्हणजे घाणेरीच्या शेजारी सापडतो. रुईही तिच्या जुन्या, स्वतंत्र कुलात असते. म्हणून जाण्यापूर्वी प्रत्येक प्रजातीचं जुनं कुलही लिहून न्या.

पत्रं, म्हणजे नमुने चिकटवलेले कागद, पुस्तकाच्या पानांसारखी उलटू नका; एकेक दोन्ही हातांनी सपाट उचला आणि त्याच क्रमाने ठेवा. जुन्या पत्रांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असतं, तेव्हा हातमोजे घाला आणि मधल्या सुट्टीत खाण्याआधी हात धुवा. तुलना करताना एकच पत्र पाहून उठू नका. एकाच जातीचे दहा-पंधरा नमुने शेजारी मांडले की जातीच्या आत किती फरक असू शकतो याची नजर तयार होते. ही नजर पुस्तकातून येत नाही, आणि माझ्या मते सगळ्या शिक्षणातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

11. नाव आजही चालू आहे का ते तपासा

शास्त्रीय नावाचे दोन भाग: प्रजाती आणि जाती. रोमन लिपीत प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, दोन्ही तिरप्या ठशात, आणि पुढे नाव देणाऱ्याचं संक्षिप्त नाव. वनस्पतींच्या नावांची मोजणी लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या 'स्पीशीज प्लँटारम' या 1753 च्या ग्रंथापासून होते, प्राण्यांच्या नावांची त्याच्याच 'सिस्टेमा नॅचुरी' या दुसऱ्या ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीपासून. एकाच जातीला दोघांनी नावं दिली असतील तर सर्वसाधारणपणे आधीचं टिकतं. प्रत्येक नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. वाद झाला की शेवटी तो नमुना पाहतात.

मग नावं का बदलतात? कारण नात्यांची माहिती वाढते. 1998 पासून डीएनएच्या आधारे फुलझाडांची कुलं नव्याने मांडली गेली. त्या मांडणीची चौथी आवृत्ती 2016 ची आहे. आपली बाभूळ आणि खैर दोघंही पूर्वी अकेशिया या प्रजातीत होते. ती प्रजाती एका वंशाची नाही असं दिसल्यावर तिचे भाग पडले, आणि 2005 च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटासाठी राखलं गेलं. आज बाभूळ वाचेलिया नायलोटिका आहे आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. जुन्नरच्या डोंगरकड्यांवरची शिंदळ माकुडी फ्रेरिया इंडिका म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे कुणी तिला कॅरालुमात ठेवलं, कुणी बुसेरोसियात. झाड तेच आहे आणि त्याची ओळखही तीच; बदललं ते त्याच्या नात्यांबद्दलचं मत.

व्यवहारात एवढं करा: कोशातलं नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर टाका, आजचं मान्य नाव पाहा, आणि नोंदीत दोन्ही लिहा.

12. डीएनए कधी?

"डीएनए तपासला की झालं" हे मी फार ऐकते. झाडांसाठी 2009 मध्ये आरबीसीएल आणि मॅटके या दोन जनुकांचे तुकडे ओळखीसाठी निवडले गेले, प्राण्यांसाठी सीओआय या जनुकाचा तुकडा वापरतात. पण तुलना ज्या साठ्याशी होते त्यातला मूळ नमुनाच कुणी चुकीचा ओळखून ठेवला असेल तर उत्तरही चुकीचं येतं, आणि जवळच्या जाती या तुकड्यांवरून वेगळ्या होतातच असं नाही. नुसतं मूळ, चूर्ण किंवा पान हाती असेल तेव्हा ही तपासणी फार उपयोगी. पुढे लागेल असं वाटलं तर एक-दोन कोवळी पानं ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वाळवून त्याच क्रमांकाने ठेवा.

13. काहीच जुळलं नाही तर

आधी नवी जाती सापडली असं समजू नका. शेजारच्या राज्यांचे कोश पाहा. बागेतून सुटलेली परदेशी वनस्पती आहे का ते पाहा; हे फार वेळा निघतं. मग त्या प्रजातीवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला लिहा: सगळे फोटो, मोजमापं, किल्लीत कुठे अडलात तो जोडीक्रमांक, आणि तुम्ही कोणत्या जाती कोणत्या कारणाने बाद केल्या ते. एवढी तयारी दिसली की लोक मनापासून उत्तर देतात.

नवी जाती खरोखरच निघू शकते. मुंबईच्या वेशीवरच्या बोरिवलीचं नाव मिळालेली सफेद मुसळी, क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम, 1955 मध्ये सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी शास्त्राला सादर केली. पण त्यासाठी जवळच्या सगळ्या जातींचे प्ररूप नमुने पाहावे लागतात, लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन प्रसिद्ध करावं लागतं आणि प्ररूप नमुना संग्रहात जमा करावा लागतो.

तोवर लेबलवर प्रामाणिक नाव लिहा. प्रजाती पक्की, जाती नाही, तर प्रजातीपुढे 'एसपी.'. एखाद्या जातीसारखी वाटते पण तपासायची आहे, तर दोन नावांच्या मध्ये 'सीएफ.'. तिच्या जवळची आहे पण तीच नाही असं वाटतं, तर 'अ‍ॅफ.'. पुढे कुणी वेगळं नाव ठरवलं तर जुनं लेबल खोडायचं नाही. नव्या चिठ्ठीवर नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ती जुन्या लेबलच्या वरच्या बाजूला चिकटवायची.